वॉर्डातून दिल्लीकडे जाणारी वाट

२०१९च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकावर शाळकरी मुलेमुली कळशा आणि डबे घेऊन गाडीची वाट पाहत उभी असत. पाणी आणायला ती तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकापर्यंत जात. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. तिथल्या नळावर भांडी भरायची, परतीच्या गाडीत चढवायची आणि मुकुंदवाडीला गाडी सुटायच्या आत उतरवून घ्यायची. ही बातमी परदेशांतही वाचली गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात औरंगाबादचे खासदार चंद्रकांत खैरे लोकसभेला पडले. इम्तियाज जलील यांनी त्यांना ४,४९२ मतांनी हरवले. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली नसती, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. तरीही सलग चार वेळा निवडून आलेला खासदार पडला, ही साधी घटना नव्हती.

खैरे यांची वाटचाल या शहराबरोबरच झाली. १९८८ साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि ते नगरसेवक झाले. १९९० आणि १९९५ला आमदार, मग युती सरकारात मंत्री. १९९९मध्ये त्यांनी माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचा पराभव करून लोकसभा गाठली. अवघ्या अकरा वर्षांत वॉर्डातून दिल्ली! लग्न असो की दहावा, दारात उभा राहणारा माणूस ही त्यांची ओळख होती आणि तीच त्यांची ताकदही होती. दोनदा महापौर झालेले डॉ. भागवत कराड याच महापालिकेतून पुढे २०२०मध्ये राज्यसभेत आणि वर्षभराने केंद्रीय अर्थ राज्यमंत्रिपदावर पोहोचले.

अशा माणसांना ‘गल्लीतले पुढारी’ म्हणून हिणवणे चूक आहे. कोणत्या वस्तीत टँकर येतो, कोणत्या वस्तीत येत नाही, हे नगरसेवकाला तोंडपाठ असते. संसदेला त्या माहितीची गरज आहे. प्रश्न आहे तो ही माहिती दिल्लीत पोहोचल्यावर तिचे काय होते हा.

पाणीपुरवठा हे महापालिकेचे काम, हे खरेच. पण पैठणच्या जायकवाडीतून शहरापर्यंत नवी जलवाहिनी टाकणे एकट्या पालिकेच्या आवाक्यातले नाही. समांतर जलवाहिनीची योजना खासगी कंपनीकडे गेली आणि २०१६मध्ये करारच रद्द झाला. डिसेंबर २०२०मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला आणि ती केंद्राच्या अमृत योजनेत आली. म्हणजे मुकुंदवाडीच्या नळाची एक चावी दिल्लीत आहे. आपण मात्र खासदाराकडे मागतो ते सभागृह, पथदिवे, कमान. वर्षाच्या पाच कोटींच्या खासदार निधीतून होतील एवढीच कामे. खासदारही तीच करतो, कारण मते त्यावर मिळतात. यात दोष मतदारांचाही आहे.

त्याहून मोठी चूक सरकारची. एप्रिल २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि पुढची पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही; ती थेट जानेवारी २०२६मध्ये झाली. एवढी वर्षे वस्तीला नगरसेवकच नव्हता. फुटलेल्या पाइपची तक्रारही आमदार-खासदारांकडे गेली. ज्या शाळेत खैरे आणि कराड घडले, तीच बंद राहिली. तेवढ्या काळात घडू शकले असते असे कितीतरी तरुण कार्यकर्ते, विशेषतः राखीव जागांवरून येणाऱ्या स्त्रिया, पहिल्या पायरीवरही पोहोचू शकले नाहीत.

म्हणून दोन मागण्या लावून धरायला हव्यात. पालिकेची निवडणूक पुन्हा कधी एक दिवसही लांबू नये. आणि दर उन्हाळ्याआधी खासदाराने मुकुंदवाडीसारख्या वस्तीत जाहीर सभा घेऊन सांगावे, की अमृतचा किती पैसा आला, किती अडकला आणि त्यासाठी संसदेत कोणता प्रश्न विचारला. २०२४मध्ये खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले, संदीपान भुमरे निवडून आले. स्थानकावर कळशा घेऊन उभी राहिलेली ती मुले आता मतदार होत आहेत. पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा.