उत्तर ध्रुव आमचा कोण लागतो?

“तिकडचे बर्फ वितळो नाहीतर उकळो, आमच्या सदाशिव पेठेला त्याचे काय?” असे विचारणारे गृहस्थ हल्ली दर दोन घरांआड भेटतात. गंमत अशी की, लोकमान्यांनी 1903 साली वेदकर्त्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते असे ग्रंथ लिहून मांडले, त्याचा अभिमान मिरवण्यात हेच गृहस्थ पुढे! तो सिद्धांत आज विद्वान मानीत नाहीत, ते असो. पण पूर्वज तिथले म्हणून छाती फुगवायची आणि तिथे हवा मोजायला चार माणसे पाठवायची म्हटले की खर्चाचा हिशेब काढायचा, हा न्याय कुठला?

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद नावाचे गाव आहे. मुळात ते कोळशाच्या खाणीचे. 1962 साली खाणीत स्फोट होऊन 21 कामगार दगावले, खाण बंद पडली, आणि पुढे त्याच जागी शास्त्रज्ञांनी बिऱ्हाड थाटले. कोळसा जाळून हवेत काय साठते ते कोळशाच्याच गावी मोजायचे! कादंबरीत घातले तर वाचक ओढूनताणून आणले म्हणतील. गावालगतच्या झेपेलिन डोंगरावर सुमारे 475 मीटर उंचीवर वेधशाळा आहे. आसपास गिरणी नाही, कारखाना नाही. अशा त्या निर्मळ हवेतही, 1990 च्या सुमारास दर दहा लाख भागांत साडेतीनशेच्या थोडा वर असलेला कार्बन डायऑक्साइड आज 420 च्या पलीकडे गेला आहे. 1979 पासून ध्रुवप्रदेश साऱ्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

याच गावात 2008 पासून आपले ‘हिमाद्री’ ठाणे आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्कोच्या संस्थेकडून चालतो. परंतु ऐन दिवाळीच्या सुमारास मावळलेला तिथला सूर्य फेब्रुवारीतच उगवतो, आणि त्या काळोखाच्या महिन्यांसाठी आपली पहिली हिवाळी तुकडी गेली ती 2023 च्या डिसेंबरात. पंधरा वर्षांनी! हजेरीपटातला कोरा दिवस मागाहून भरता येत नाही. काही मास्तर भरतात, पण त्याला हजेरी म्हणत नाहीत.

याहून मोठा कोरा रकाना रशियाचा. ध्रुवप्रदेशाची जवळजवळ निम्मी जमीन त्या देशात. तिक्सी येथे 2010 साली रशियन, अमेरिकन आणि फिनिश लोकांनी मिळून वेधशाळा उभारली होती. 2022 साली युक्रेनवर चढाई झाली आणि पाश्चात्त्यांशी चाललेली देवघेव बहुतांशी थांबली. रशियातील ठाणी वगळली तर ध्रुवप्रदेशाचे चित्र एकांगी होते, असे 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. चढाई करणाराचा निषेध जरूर करा. पण थर्मामीटरवर बहिष्कार कसला? गोठलेली जमीन वितळून त्यातला कार्बन वर येतो, तो कोणत्या झेंड्याखालून आला हे पाहून समुद्र चढत नाही.

आपला देश 2013 पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे, आणि मॉस्कोशीही आपले बोलणे चालू आहे. मग ही मोजमापे सर्वांना खुली करा, असे दिल्लीने तिथे उघड का मागू नये? आणि ‘हिमाद्री’त यापुढे एकही हिवाळा कोरा जाणार नाही, याची हमी संसदेत का देऊ नये? मते मागायला दारी येतील तेव्हा वाचकांनी हे दोन प्रश्न विचारावेत.