दोन अडतीसला निघा!

आज दुपारी दोन वाजून अडतीस मिनिटांनी तुम्ही काय करत होतात? डबा उरकून, मशीनची कॉफी घेऊन, जांभया देत एक्सेल शीट उघडली असेल. आइसलँडमधल्या हजारो बायकांनी २४ ऑक्टोबर २०१६ ला बरोब्बर याच मिनिटाला पर्स उचलली आणि ऑफिसबाहेर पडल्या!

हिशेब एकदम सोपा. तिथल्या बाईची सरासरी कमाई तेव्हा पुरुषाच्या साधारण ७० टक्के होती. म्हणजे नऊ ते पाचची ड्युटी धरली, तर दोन अडतीसनंतर ती फुकटच राबणार. मग थांबा कशाला? याच हिशेबाने २००५ मध्ये त्या दोन वाजून आठ मिनिटांनी उठल्या होत्या. अकरा वर्षांत पदरात पडला फक्त अर्धा तास.

मूळ किस्सा मात्र १९७५ चा. युनोचं महिला वर्ष. २४ ऑक्टोबरला तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी ऑफिस तर सोडाच, घरचं कामही केलं नाही. ‘संप’ म्हटलं तर नोकरी जायची, म्हणून नाव दिलं ‘सुट्टी’. शाळा, पाळणाघरं, माशांचे कारखाने ठप्प. बाबालोक पोरांना काखेत मारून ऑफिसात! पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा आला. १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांच्या मतांवर निवडून आलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष, आणि तीही घटस्फोटित सिंगल मदर.

पुढे २००० च्या कायद्याने बाबांना स्वतःची तीन महिन्यांची रजा मिळाली. ती आईच्या नावावर करता येत नव्हती. घ्या, नाहीतर गेली! २०१८ पासून तर २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला समान पगार देतो हे सिद्धच करावं लागलं. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या यादीत हा देश २००९ पासून पहिला.

तरीही २४ ऑक्टोबर २०२३ ला बायका पुन्हा दिवसभर घरी बसल्या. त्यात तेव्हाच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिरसुद्धा! कारण एकाच टेबलावरचा पगार सारखा करता येतो, पण घर सांभाळायला पार्टटाइम काम धरते ती बाईच. आणि ज्या क्षेत्रांत बायका जास्त, नर्सिंग म्हणा, पाळणाघरं म्हणा, तिथले पगार कमीच.

हे वाचताना मला आमची ताई आठवली. ताई आणि जिजू दोघंही आयटीत, पॅकेजही जवळपास सारखं. दोघं साडेसातला घरी येतात. जिजू सोफ्यावर, ताई कुकरपाशी. जिजू वाईट नाहीत हो! ‘सांग ना, मी काय करू?’ असं रोज विचारतात. पण काय करायचं हे लक्षात ठेवायचं कामही ताईचंच. गेल्या वर्षी तिने टीम लीडची पोस्ट नाकारली. ‘रात्रीचे कॉल्स मला जमणार नाहीत,’ म्हणाली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, हिला अ‍ॅम्बिशनच नाही.

ही एकट्या ताईची गोष्ट नाही. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेनुसार, आपल्याकडे घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, ते ९७. फरक तीन तास बावीस मिनिटांचा. एवढ्या वेळात प्रमोशनसाठी काय काय झालं असतं!

जगभरातली ही दरी सध्याच्या वेगाने भरायला १२३ वर्षं लागतील, असं फोरमचा २०२५ चा अहवाल म्हणतो. तेवढं थांबायला आपल्यापैकी कुणी असणार नाही. म्हणून या आठवड्याचा होमवर्क: घरातलं कोणतं काम कोणी केलं आणि कोणी लक्षात ठेवलं, याची सात दिवस मोबाइलमध्ये नोंद करा. रविवारी चहा पिता पिता दोघांनी वाचा.

आणि हो, तो चहा कोण करणार, हे आधी ठरवा!