तीन गुणांचा हिशेब

या वर्षी बऱ्हाणपूरच्या आंतरशालेय सामन्यात आपला कबड्डीचा संघ दोन गुणांनी हरला. शेवटच्या चढाईत पकडला गेलेला मुलगा त्यानंतर आठ दिवस वर्गात मान खाली घालून बसत होता. ‘तुझ्यामुळे हरलो,’ असे सवंगड्यांनी त्याला ऐकवले. ‘आता खेळ पुरे, दहावीकडे बघ,’ असे घरच्यांनी सांगितले. या दोन्ही वाक्यांबद्दल आम्हाला थोडे बोलायचे आहे.

फोपनारच्या घराघरांत प्रो कबड्डी पाहिली जाते आणि पुणेरी पलटणचे चाहते आपल्याकडे पुष्कळ आहेत. या संघाचेच उदाहरण घेऊ. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण पहिल्यांदाच अंतिम सामना खेळली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. म्हणून संघ मोडला नाही. पुढच्या हंगामात अस्लम इनामदार कर्णधार झाला, बी. सी. रमेश प्रशिक्षक होते. २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकून पलटण गुणतक्त्यात पहिली आली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेती ठरली. फरक होता फक्त तीन गुणांचा.

त्याच्या पुढच्या हंगामात इनामदारचा गुडघा दुखावला, तो उरलेले सामने खेळू शकला नाही आणि विजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. मग २०२५ मध्ये पलटण पुन्हा उभी राहिली. आदित्य शिंदेसारख्या तरुण खेळाडूने चढाईचा भार उचलला आणि संघ अंतिम फेरीत गेला. तिथे दबंग दिल्लीने ३१-२८ असा विजय मिळवला. पुन्हा तीनच गुण, या वेळी उलट्या बाजूला.

तीन गुण म्हणजे एखादी चुकलेली पकड आणि एखादा निसटलेला बोनस. तेवढ्यावरून सगळा हंगाम वाया गेला असे कोणी म्हणत नाही. पण नवी मुले तयार असतील तर संघ पुन्हा उभा राहतो. पलटणच्या आजच्या खेळाडूंपैकी बरेच जण ‘युवा पलटण’मध्ये सराव करूनच वर आले आहेत.

आता आपला हिशेब मांडू. आम्ही वर्षभर तीच सात मुले खेळवली. पाच राखीव मुलांनी पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. शेवटच्या सामन्यात मुख्य चढाईपटूचा पाय मुरगळला, तेव्हा एका राखीव मुलाला आत पाठवले. खऱ्या सामन्यातली ती त्याची पहिलीच चढाई होती आणि तीच शेवटची ठरली. मग चूक कोणाची? त्या मुलाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती संघ निवडणाऱ्या आम्हा मोठ्यांची आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, यापुढे सरावाच्या प्रत्येक सामन्यात बाराही मुलांना खेळवावे. त्यात एखादा सामना हरलो तरी चालेल. मुलींचा संघही याच पद्धतीने उभा करावा.

पालकांनाही एक विनंती आहे. अभ्यास महत्त्वाचा आहेच, पण रोज संध्याकाळचा तासभर खेळ मुलाच्या अभ्यासाच्या आड येत नाही. खेळ थांबवायचाच असेल तर तो परीक्षेच्या महिन्यात थांबवा, पराभवाच्या दुसऱ्या दिवशी नको. नाहीतर हरणे ही शिक्षा आहे असेच मूल शिकेल.

आणि मित्रांनो, तो मुलगा उद्या मैदानावर आला तर पहिली चढाई त्याला द्या.