कार्बन लावलेला कागद

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बूझिद येथे मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतले आणि देशभर असंतोष उसळला. निदर्शनांच्या बातम्या फेसबुकवरून फिरू लागल्या. त्याच सुमारास तिथल्या लोकांचे पासवर्ड चोरीला जाऊ लागले. चोरी होत होती ती देशाबाहेरचे दळणवळण ज्या वाटेने जाते, त्या इंटरनेट पुरवठ्याच्या वाटेवरच.

तिची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. पासवर्ड लिहून बटण दाबले की तो सांकेतिक रूपात रवाना होई. पण ज्या पानावर तो लिहायचा, ते पान मात्र उघड्या जोडणीवरून येई. एवढ्याने भागते, असा तेव्हा पुष्कळ जाणत्यांचाही समज होता. वाटेत त्या पानात चार ओळींची भर घातली गेली आणि पासवर्ड सांकेतिक होण्यापूर्वीच त्याची नक्कल परस्पर निघू लागली. हातात आलेला कागदच कार्बन लावलेला असेल, तर पाकिटाला लाखेची मोहोर करून काय उपयोग? पान दिसायला नेहमीसारखेच. वापरणाऱ्याने सावध तरी कसे राहावे? पकडला गेला तर तुरुंग होता.

म्हणूनच ही जबाबदारी संकेतस्थळ चालवणाऱ्याचीच, असे माझे मत आहे. शिवाय लॉग-इनच्या पानापुरते कुलूप लावूनही चालत नाही. आत गेल्यावर मिळणारा ओळखीचा बिल्ला, म्हणजे ‘कुकी’, उघड्यावर फिरत राहिला, तर पासवर्डाची गरजच काय? ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांच्या ‘फायरशीप’ने सार्वजनिक वाय-फायवर असे बिल्ले उचलणे पोरखेळ करून दाखवले होते.

खर्चाची सबबही आता उरलेली नाही. नेटस्केपने हे तंत्र १९९५ मध्येच बाजारात आणले होते. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सर्वांना फुकट देते. (कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून दुकानदार प्रामाणिक ठरत नाही, हेही खरे. लबाडांनाही ते फुकटच मिळते.)

जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने ट्युनिशियातली सारी ये-जा सांकेतिक जोडणीवर वळवली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. मात्र जगातल्या सर्वांसाठी हीच जोडणी नेहमीची व्हायला २०१३ उजाडले.