आधी फटी बुजवा

नाहूरच्या सोसायट्यांमध्ये नोटीस बोर्डावर एक सूचना ठरलेली: रविवारी पेस्ट कंट्रोल, ओटा रिकामा ठेवावा. वास दोन दिवस राहतो, झुरळे महिन्याभरात परत. यात नवल नाही. फवारा बसला की वाचलेली झुरळे पाइपाच्या भोकातून शाफ्टमध्ये उतरतात आणि शेजाऱ्यांच्या किचनमध्ये बिऱ्हाड थाटतात. शेजारी फवारतात, मग पाहुणे आपल्याकडे! शिवाय जर्मन झुरळाच्या अंड्यांच्या एका कोषात ३० ते ४० अंडी असतात. त्या कवचाच्या आत औषध पोचत नाही.

खरे काम कंटाळवाणे आहे. सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवायची, गळका नळ दुरुस्त करायचा, खरकटे रात्रभर ठेवायचे नाही. मग बिजागरीपाशी, फ्रिजमागे जेलचे बारीक ठिपके. त्यांच्यावर स्प्रे मात्र मारू नका. स्प्रे लागलेल्या जेलला झुरळे तोंड लावत नाहीत.

औषध कोणते, हेही पाहा: डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ढेकणांसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवणे तर जिवाशी खेळ: हवेतल्या ओलीनेही त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या घरात शिरतो, आणि त्यावर उतारा नाही.

पुढच्या सभेत कंत्राट मंजूर करण्याआधी कंत्राटदाराचा परवाना पाहा, औषधाचे नाव लेखी घ्या, आणि शाफ्टच्या दुरुस्तीचा ठराव त्याच्या आधी मांडा.