फोन आपला, कुलूप कंपनीचे

कन्नड तालुक्यातील पिशोर हे डोंगररांगांच्या कुशीतले मोठे गाव. इथल्या शेतकऱ्यासाठी मोबाइल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मका-अद्रकीचा भाव, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा ओटीपी आणि शिवारात कुणाला साप चावला तर 108 ची रुग्णवाहिका, सगळे याच यंत्रावर येऊन ठेपते. त्यामुळे थोडी रक्कम आधी भरून, बाकीची दीड-दोन वर्षांच्या हप्त्यांत फेडायची, पण एकाच कंपनीची सेवा वापरायची, अशा बोलीवर मिळणारा फोन घ्यावा का, हा प्रश्न नुसता पैशांचा नाही.

असे फोन आपल्याला नवे नाहीत. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ योजनेत अवघे 501 रुपये घेऊन फोन हाती दिले. त्यात सिमकार्ड नव्हते. क्रमांक यंत्रातच भरलेला असे. पुढे ती सीडीएमए सेवाच बंद पडली आणि तिच्याबरोबर ते फोनही निकामी झाले. 2017 चा जिओफोन 1,500 रुपये अनामतीवर मिळाला. तोही जिओच्याच सिमवर चालणारा.

हे कुलूप असते तरी कसले? प्रत्येक सिममध्ये 15 अंकांपर्यंतचा ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे (भारतासाठी 404 किंवा 405) आणि पुढचे सेवा कंपनीचे. कुलूपबंद फोन हे अंक वाचतो आणि ठरलेल्या कंपनीचे नसतील तर ते सिम नाकारतो. यंत्रात दुसऱ्या टॉवरशी बोलण्याची ताकद असते. तिला अडवते ती केवळ आज्ञावली. हप्ता थकल्यावर पडदाच बंद करणारे दुसरे कुलूप याहून वेगळे. काही फोनना दोन्ही असतात.

हिशेब मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. 2021 च्या दिवाळीत आलेल्या जिओफोन नेक्स्टची रोख किंमत 6,499 रुपये होती. हप्त्याने घेणाऱ्याने आधी 1,999 आणि प्रक्रिया शुल्काचे 501 भरायचे. रोज दीड जीबी डेटाच्या योजनेत पुढे 24 महिने दरमहा 450. एकूण झाले 13,300. त्यातून फोनची किंमत वजा केली तर दोन वर्षांच्या सेवेचे 6,801 रुपये उरतात. डिसेंबर 2021 पासून तेवढ्याच डेटाचे 28 दिवसांचे साधे रिचार्ज 239 रुपयांना होते. दोन वर्षांत अशी 26 रिचार्ज, म्हणजे 6,214 रुपये. फरक 587 रुपयांचा. उधारीच्या मानाने ही लूट म्हणता येणार नाही.

खरी किंमत पुढे आहे. डोंगराळ भागात गावात मिळणारा सिग्नल शेतातल्या विहिरीपाशी मिळेलच असे नाही. जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते; फोनलाच कुलूप असेल तर हा हक्क कागदावर राहतो. हप्ता दरमहा येतो, शेतकऱ्याचा पैसा मात्र सुगीला. श्रावण-भाद्रपदात हात आखडतो, तेव्हाच हप्ता थकायची शक्यता अधिक. आणि साप निघण्याचे दिवसही नेमके तेच. अशा वेळी पडदा बंद झालेला फोन घरात असणे परवडणारे नाही.

करार किती लांब, यालाही महत्त्व आहे. अनेक फोनच्या लिथियम बॅटरीची क्षमता सुमारे 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्क्यांवर येते. रोज चार्ज होणाऱ्या फोनचा हा पल्ला दोन वर्षांच्या आतच गाठला जातो. तीन वर्षांचा करार म्हणजे थकलेल्या बॅटरीचे हप्ते.

म्हणून सही करण्यापूर्वी त्याच कंपनीचे सिम कुणाकडून तरी मागून घ्यावे आणि घरात, गोठ्यात, शेतात फोन लावून पाहावा. एकूण रक्कम कागदावर मांडावी. शेवटच्या हप्त्यानंतर कुलूप निघणार का, हे लेखी घ्यावे. सगळीकडे सिग्नल मिळत असेल आणि करार दोन वर्षांच्या आत संपत असेल तर असा फोन घ्यायला हरकत नाही. एरवी साधा, बिनकुलपाचा फोन बरा. घरातल्या सर्वांना 112 हा क्रमांकही पाठ असावा. आपल्या कंपनीचा सिग्नल नसतानाही तो आसपासच्या दुसऱ्या टॉवरवरून लागू शकतो.

पण सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून भागणार नाही. कॅनडाने डिसेंबर 2017 पासून नवे फोन कुलपाविना विकणे बंधनकारक केले, ब्रिटनने डिसेंबर 2021 पासून. आपल्याकडेही कुलपाची माहिती खोक्यावर ठळक मराठीत हवी, पैसे फिटताच ते आपोआप निघावे आणि हप्ता थकला तरी 108 व 112 कधीही अडू नयेत. उधारी वसूल करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. रुग्णवाहिकेची वाट अडवणे हा त्यातला एक असू शकत नाही.