ऑपरेशन झालं ना, मग अजून काय?

माझ्या पाठीचे ऑपरेशन होऊन सहा वर्षे झाली. तरी हा प्रश्न अजून महिन्यातून दोन-चार वेळा कानांवर येतोच. थळच्या बाजारात मासळी घेताना कोणी विचारते, लग्नघरी मी भिंतीला टेकून उभी असले की कोणी विचारते. "वैनी, ऑपरेशन झालं ना, मग अजून काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. आपली समजूतच अशी की काटा काढला की पाय बरा होतो. गेल्या दोन महिन्यांत या पानाकडे आलेल्या पत्रांत तीन पत्रे याच दुखण्याची आहेत, म्हणून आज तेच लिहिते.

आपल्या मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. ती फुटून बाहेर आली की शेजारून पायाकडे जाणारी नस दाबली जाते. पाय दुखतो तो असा, कमरेतल्या गादीमुळे. बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या डॉक्टरांनी 1934 साली हे दाखवून दिले आणि तेव्हापासून ही ऑपरेशने रूढ झाली. नस दाबणारा तुकडा काढला की बहुतेकांचा पाय मोकळा होतो. पण सगळ्यांचा होत नाही. कण्याच्या ऑपरेशननंतरही दुखणे उरणारे दहांत एक ते चार असावेत, असे निरनिराळे अंदाज आहेत. म्हणजे पत्रे लिहिणाऱ्या भगिनी काही जगावेगळ्या नाहीत.

तुकडा काढला तर मग दुखते काय? आपल्या विहिरीवरच्या मोटारीची वायर आठवा. दगडाखाली चेपून तिचे रबर गेले, तर नंतर दगड उचलून रबर परत येत नाही. मोटार मधेच चालू होते, मधेच झटका देते. नस फार दिवस दाबली गेली की तिचेही तसेच होते. जखम भरताना आत वण धरतो, तोही कधी नसेला ओढतो. म्हणून पोटरीत आग होते, तळपायाला मुंग्या येतात, वीज चमकावी तशी कळ जाते. रात्री पायावर चादर पडलेली सोसत नाही. फोटोत मात्र सगळे साफ दिसते, कारण फोटोत नसेचा आकार दिसतो, तिची आग दिसत नाही.

आणि इथेच घरात बिघडते. "एमआरआय चांगला आला, मग ही झोपून का राहते?" लावणीचे दिवस, एकमेकांच्या शेतावर जायची पद्धत, आणि घरची थोरली सून ओटीवर आडवी. माझ्या जावेने ऐन आवणीत सगळ्यांसमोर "सोंग" हा शब्द काढला होता. मी दुसऱ्या दिवशी रागाने चिखलात उतरले. योगायोगाने दिवस बरा होता, दुपारपर्यंत वाकून लावणी केली आणि जिंकल्यासारखी घरी आले. पुढे आठ दिवस न्हाणीपर्यंत भिंत धरून जात होते. माझ्या जागी मजूर लावावा लागला तो वेगळाच.

घरातले वारे फिरले ते एका हातोडीने. पुढच्या तपासणीला यजमान माझ्याबरोबर आत आले. एरवी ते बाहेर बाकावर बसत. लाँच पावसाळ्यात बंद, म्हणून वडखळवरून एसटीने हाडे खिळखिळी करून आम्ही मुंबईला पोहोचलो होतो. डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या डाव्या टाचेच्या वरच्या शिरेवर ठोकले, पाऊल चटकन हलले. उजवीकडे ठोकले, पाऊल ढिम्म. पुन्हा ठोकले, तरी तेच. यजमानांनी ते डोळ्यांनी पाहिले. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर जावेला एवढेच म्हणाले, "पाय मुद्दाम हलवत नाही म्हणावं, तर हातोडीला कसं फसवील ती?" म्हणून माझे सांगणे असे, की तपासणीला घरातले एक माणूस आत न्या, आणि ज्याला शंका आहे त्यालाच न्या.

दुसरा घोळ गोळ्यांचा. अंगदुखीच्या साध्या गोळ्या नसेच्या आगीला फारशा लागू पडत नाहीत. डॉक्टर गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी नावे लिहून देतात. यांतली काही औषधे मुळात फिट्सवरची, काही उदासपणावरची. औषधाच्या दुकानात कोणीतरी हे सांगते आणि गावात बातमी होते की अमकीच्या डोक्यावर परिणाम झाला. एका पत्रात बाईंनी लिहिले आहे की सासऱ्यांनी गोळ्यांची पट्टी विहिरीत फेकली. तसे काही नसते हो! चवताळलेल्या नसेला हीच औषधे शांत करतात, पुष्कळदा थोड्या मात्रेत. गुण यायला काही आठवडे लागतात आणि कित्येकदा आग निम्मीच होते, पण निम्म्यावर झोप लागते. ती एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. सुरुवातीला गुंगी येते, तेव्हा माडावर चढणाऱ्याने, होडीवर जाणाऱ्याने, मोटारसायकल चालवणाऱ्याने जपावे. आणि वरून दारू नको. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेणाऱ्यांना तर हात जोडते. त्या पोट जाळतात, मूत्रपिंडही बिघडवतात.

उपाय सांगणारे गावात फार. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यायची, ही आपली जुनी रीत. ऑपरेशन झालेल्या पाठीला लाथ नको, पाठीवर कोणी उभे राहून तुडवायलाही नको. माझी स्वतःची चूक सांगते. तापवलेल्या वाळूची पुरचुंडी मी उजव्या पायाला धरली. पायात आग होत होती, पण कातडी बधिर, त्यामुळे चटका कळलाच नाही. सकाळी टाचेवर हा एवढा फोड. तेव्हा शेक घ्यायचाच तर आधी हाताने पाहून घ्यावा, आणि बधिर जागी घेऊच नये.

त्या फोडावरून मला बाबा आमटे आठवले. वरोऱ्याजवळ 1949 साली त्यांनी आनंदवन उभारले. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या नसा मेलेल्या, त्यामुळे चटका बसला, काच घुसली, तरी कळत नाही आणि त्यातून बोटे जातात. वेदना ही राखण करणारी असते. आणि खुद्द बाबांना कण्याचे दुखणे असे जडले की बसता म्हणून येत नसे, एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. तशा अवस्थेत 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते तरुण मुलांबरोबर गेले. मुले सायकलींवर, बाबा बसमध्ये आडवे. बसण्याचे काम त्यांनी आयुष्यातून वगळलेच होते. आपण काही बाबा आमटे नाही. पण कोणते काम आडवे होऊन, कोणते उभ्याने आणि कोणते मुळीच नाही, एवढी वाटणी आपल्याही घरात होऊ शकते.

आमच्याकडे ती अशी झाली. वाकून लावणी आणि पाण्याचे हंडे जावेकडे गेले. भाकऱ्या मी थापते, पण चूल उंचावर घेतली. वाडीतल्या नारळ-सुपारीचा हिशेब आणि बाजारचा व्यवहार माझ्याकडे आला. माझे माहेर खंडाळ्याचे, तिथे पांढऱ्या कांद्याच्या माळा बांधायला उन्हाळ्यात जाते. माळ बायका बसून बांधतात. मी वाशाला दोरी टांगून उभ्याने बांधते. पहिल्या वर्षी हसल्या, आता दोघी-तिघी स्वतःच उभ्या राहतात.

सगळ्यांत कठीण होते ते बऱ्या दिवशी थांबणे. दिवस चांगला उगवला की चार दिवसांचे साठलेले काम उपसावेसे वाटते आणि मग चार दिवस अंथरूण. मी मोबाईलवर वीस मिनिटांची घंटा लावते. वाजली की दुखत नसले तरी काम सोडून चालते किंवा पडते. चालणे रोज, थोडे, सपाट रस्त्यावर. फिजिओथेरपीचे व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावेत. ऐकीव व्यायाम नकोत.

"पुन्हा ऑपरेशन करू का?" असे एका पत्रात विचारले आहे. गादी पुन्हा सरकली असेल किंवा नस पुन्हा दाबली जात असेल, तर तो विचार डॉक्टर करतात. पण नुसते दुखते म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनला यश कमी कमी येत जाते. जमीन गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, मोठ्या रुग्णालयात वेदनेचा वेगळा विभाग असतो तिथेही दाखवा. घाई करायची ती एवढ्याच वेळी: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लोंबू लागले, किंवा ताप येऊन पाठीची जखम ठणकू लागली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून त्याच रात्री रुग्णालय गाठायचे.

माझी रात्र अजून तीनला मोडते. खिडकीतून खांदेरीच्या दीपगृहाचा उजेड येतो नि जातो, तो मोजत पडते. कधी जाऊही जागी असते. ती उठून चहा टाकते, "सोंग" या शब्दाविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही.

कडक फळीवर झोपावे की गादीवर, असे दोघींनी विचारले आहे. फार कडक नको, फार मऊही नको, एवढे आज सांगते. बाकी पुढच्या अंकात.